टीव्हीला आवाज आहे, चित्र नाही : पडदा नेमका कुठे बिघडतो?

कळवा_खाडी :
३२ इंची एलईडी टीव्ही, सहा वर्षं जुना. लावला की लोगो सेकंदभर दिसतो, मग पडदा काळा. आवाज व्यवस्थित, रिमोटने चॅनल बदलतात. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकणही न काढता "पॅनल गेलं, नवीन घ्या" म्हणून सांगितलं. खरंच पॅनल असेल का? आणि मुळात पॅनल म्हणजे त्यात काय काय येतं? ठाण्यात कुणाकडे न्यायचा ते नंतर बघू, आधी समजून घ्यायचंय.

तिरका_बाण :
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडचाही त्याच वाटेवर आहे.

ओहमकर :
पॅनल नाही, बहुतेक बॅकलाइट गेलाय. खात्री करायला एक पैसा लागत नाही. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही लावून मेनू उघडा आणि मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरका धरा. मेनूची अक्षरं अंधूक का होईना दिसली, तर काच, टी-कॉन (काचेला ओळीओळीने सिग्नल देणारा बोर्ड), मेनबोर्ड सगळं शाबूत आहे, फक्त मागचा उजेड नाही.

लोगो दिसून जातो, ही मोठी खूण. बॅकलाइटच्या पट्टीवरचे एलईडी सिरीजमध्ये असतात. त्यातल्या एखाद्याच्या आतली बारीक तार थंड असताना टेकलेली असते, तापली की सुटते आणि साखळी तुटते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना करंट पुरवणारं सर्किट, ठरलेला करंट ढकलायला व्होल्टेज वाढवत नेतो, मर्यादा ओलांडली की संरक्षण लागू होतं आणि सगळंच बंद. दोन साखळ्या असतील तर चांगली साखळी क्षणभर पेटते, दुसरी पेटली नाही हे कळताच ड्रायव्हर दोन्ही बंद करतो. मेनबोर्डला यातलं काही माहीत नसतं, म्हणून आवाज चालू राहतो.

घणसोलीकर :
ओहमकरांशी सहमत. पॅनल म्हणजे काय, त्याचं उत्तर मी देतो.

दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून मिळतो तो एलसीडीच. एलईडी फक्त मागे उजेड पाडायला. मागून पुढे येत गेलात तर पत्र्याची पाठ, तिच्यावर एलईडीच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या भोवती पांढरा परावर्तक कागद, मग उजेड सारखा पसरवणारा दीड-दोन मिमी जाड दुधी डिफ्यूजर, त्यावर दोन-तीन पातळ फिल्म, आणि सगळ्यात पुढे काच. काच म्हणजे खरं तर दोन काचा, प्रत्येकी अर्ध्या मिमीच्या आसपास, आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रॉनचा द्रवस्फटिकाचा थर. दोन्ही काचांना बाहेरून पोलरायझर चिकटवलेला.

मागचा पोलरायझर प्रकाशाची एकाच दिशेची कंपनं आत सोडतो. पुढचा त्याच्याशी काटकोनात बसवलेला, म्हणजे मध्ये काहीच नसतं तर पडदा कायम काळा दिसला असता. मधला द्रवस्फटिक ती दिशा फिरवतो म्हणून प्रकाश पुढच्या पोलरायझरमधून बाहेर पडतो. किती फिरवायची ते त्या ठिपक्यावरच्या व्होल्टेजने ठरतं. बस, एवढाच खेळ. द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाही की रंगही देत नाही. रंग पुढच्या काचेवरच्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांचा.

यात प्रकाशाची नासाडी प्रचंड. पोलरायझर निम्म्याहून जास्त खातो, रंगाची गाळणी उरलेल्यातला दोन-तृतीयांश, ट्रान्झिस्टर आणि तारांच्या सावलीत आणखी जातो. मागे जेवढा उजेड तयार होतो त्यातला १० टक्क्यांहूनही कमी तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून बॅकलाइट कायम जोरात चालवावा लागतो, आणि म्हणून तोच आधी मरतो.

निळीशाई :
पण प्रत्येक ठिपक्याला वेगळं व्होल्टेज द्यायला तेवढ्या वायरी कशा बसतात?

घणसोलीकर :
चांगला प्रश्न. फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाचे तीन उपठिपके, म्हणजे ६२,२०,८०० उपठिपके. तेवढ्या वायरी अर्थातच नसतात. उभ्या ५,७६० आणि आडव्या १,०८० रेषा असतात, आणि प्रत्येक छेदावर काचेवरच घडवलेला एक ट्रान्झिस्टर.

आडवी रेषा म्हणजे गेट. ती उघडली की त्या ओळीतले सगळे ट्रान्झिस्टर एकदम उघडतात आणि ५,७६० उभ्या रेषांवरची व्होल्टेजं आपापल्या उपठिपक्यात शिरतात. मग गेट बंद, पुढची ओळ. सेकंदाला ६० चित्रं, मधल्या रिकाम्या ओळी धरून प्रत्येकात १,१२५ ओळी, म्हणजे एका ओळीला सुमारे १४.८ मायक्रोसेकंद. फोरकेमध्ये त्याच्या निम्मे. तेवढ्यात भरलेलं व्होल्टेज पुढची पाळी येईपर्यंत, १६.७ मिलिसेकंद, एका इवल्याशा कपॅसिटरवर टिकवायचं असतं.

आणखी एक. द्रवस्फटिकाला एकाच दिशेचं डीसी व्होल्टेज चालत नाही. त्यातले आयन एका बाजूला जमा होतात आणि जुनं चित्र चिकटून राहतं. म्हणून प्रत्येक चित्रागणिक व्होल्टेजची दिशा उलटवतात. मधली पातळी, म्हणजे व्हीकॉम, जराशी सरकली की दोन दिशा सारख्या राहत नाहीत आणि पडदा फडफडल्यासारखा दिसतो. फ्लिकर दिसला की कपॅसिटर बदलत सुटणाऱ्यांनी आधी व्हीकॉम मोजावं.

ओहमकर :
मोजायचं म्हणून आकडे देतो. टी-कॉन बोर्डावर टेस्ट पॉइंटच्या शेजारी नावं छापलेली असतात. पुरवठा मोठ्या पॅनलला १२ व्होल्ट, काही लहानांना ५ किंवा ३.३. एव्हीडीडी, म्हणजे उभ्या रेषांना लागणारं व्होल्टेज, १२ ते १६. व्हीजीएच, म्हणजे गेट उघडणारं, साधारण २० ते ३०. व्हीजीएल, म्हणजे गेट बंद करणारं, उणे ५ ते उणे १०. व्हीकॉम एव्हीडीडीच्या निम्म्याच्या आसपास. पुरवठा येतोय पण पुढचं काहीच नाही, तर आधी टी-कॉनच्या तोंडाशी असलेला छोटा फ्यूज बघा. तो उडाला असेल तर नुसता फ्यूज टाकू नका, पुढे शॉर्ट असतो. एव्हीडीडी किंवा व्हीजीएच पडलेलं (कमी झालेलं) असेल तर काचेकडे जाणाऱ्या पट्ट्या एकेक काढून परत मोजा. पट्टी काढल्यावर व्होल्टेज उभं राहिलं, तर शॉर्ट टी-कॉनवर नाही, काचेच्या बाजूला.

नवीन ३२ इंचीत वेगळा टी-कॉन नसतोच, मेनबोर्डात घातलेला असतो. तिथे हेच पॉइंट मेनबोर्डावर शोधायचे.

घणसोलीकर :
बॅकलाइट चालू आहे आणि पॅनलचा पुरवठाच गेलाय, अशा वेळी पडदा कोणता रंग दाखवतो ते बघा. टीएन पॅनल, म्हणजे जुने मॉनिटर आणि स्वस्त लॅपटॉप, पांढरे पडतात, कारण त्यांच्यात व्होल्टेज नसताना प्रकाश पार होतो. व्हीए आणि आयपीएस, म्हणजे जवळपास सगळे टीव्ही, काळे राहतात. त्यामुळे टीव्हीत काळा पडदा म्हणजे बॅकलाइटच असं नाही. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर मागच्या जाळीतून डोकावा. आत उजेड असेल तर रोख टी-कॉनकडे वळवायचा.

निळीशाई :
आमच्याकडे वाशीला ४३ इंची आहे. दिवाळीच्या साफसफाईनंतर उजव्या बाजूला उभा पट्टा आलाय, हाताच्या पंजाएवढा रुंद. आधी थरथरायचा, आता पक्का.

ओहमकर :
स्प्रे थेट पडद्यावर मारला होता का?

निळीशाई :
हो. काच पुसायचाच स्प्रे होता.

ओहमकर :
पाणी ओघळून खालच्या चौकटीत जातं. काचेला बोर्डाशी जोडणाऱ्या लवचिक पट्ट्या, ज्यांना दुकानात सीओएफ किंवा नुसतं 'टॅब' म्हणतात, त्या बऱ्याच पॅनलमध्ये खालच्या कडेलाच असतात. तिथे पाणी आणि व्होल्टेज एकत्र आलं की तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात.

पट्ट्याची रुंदी मोजा. फुल एचडीमध्ये एक सीओएफ सहसा ९६० रेषा सांभाळतो, म्हणजे ३२० ठिपके, म्हणजे पडद्याचा सहावा भाग. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंमी रुंद, त्याचा सहावा भाग १५-१६ सेंमी. फोरके असेल तर १२ सीओएफ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठेक सेंमी. तुमचा पंजाएवढा पट्टा या दुसऱ्या हिशोबात बसतो. टीव्ही फोरके आहे का?

निळीशाई :
हो, फोरके. मोजलं, आठला थोडं कमी.

ओहमकर :
मग एक सीओएफ गेलाय. केसासारखी एकच उभी रेष असती तर एखादाच सांधा सुटलाय म्हटलं असतं. आडव्या रेषा असत्या तर गेटची बाजू.

हे सोल्डरने होत नाही. सीओएफ काचेला एसीएफ नावाच्या चिकट फिल्मने जोडलेला असतो, तिच्यात काही मायक्रॉनचे वाहक गोळे असतात. रेषांमधलं अंतर मायक्रॉनमध्ये, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून, दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या पट्टीने ठरलेल्या दाबाखाली काही सेकंद दाबावं लागतं. त्याला बाँडिंग मशीन लागतं. मशीन असलेले लोक ठाण्यातही आहेत, नवी मुंबईतही. आत घुसण्याआधी "मशीनवर करता की हीटगनने?" एवढं विचारा. हीटगन म्हणाले तर टीव्ही उचलून बाहेर या. आणि काचेच्या कडेवरचीच रेष खाल्ली गेली असेल तर बाँडिंगनेही फरक पडत नाही, हेही आधीच कबूल करून घ्या.

पुढच्या वेळी मायक्रोफायबर, तेही जेमतेम दमट. स्प्रे मारायचाच तर फडक्यावर. अमोनिया किंवा स्पिरिटवाला द्रव पडद्याचं आवरण खातो.

तीनहात_नाका :
आडव्या रेषांसाठी काचेच्या एका बाजूच्या क्लॉकवर, म्हणजे ओळी पाळीपाळीने उघडायला लावणाऱ्या सिग्नलवर, टेप लावून चित्र परत आणतात, व्हिडिओ पाहिलेत. खरं आहे का?

घणसोलीकर :
खरं आहे, मर्यादेत. अलीकडच्या पॅनलमध्ये गेट ड्रायव्हर वेगळा नसतो, काचेवरच घडवलेला असतो, आणि मोठ्या पॅनलला तो दोन्ही कडांनी ओळी उघडतो. एका कडेला शॉर्ट झाला तर तो दोन्हींचं व्होल्टेज पाडतो. त्या कडेचे क्लॉक तोडले की उरलेली कड एकटी सगळ्या ओळी ओढते. काही पॅनलमध्ये चित्र छान येतं, काहींत लांबच्या टोकाला फिकं. एकाच कडेने चालणाऱ्या पॅनलवर हा उपाय केला तर काहीच येणार नाही. ग्राहकाला सांगून केलं तर ठीक. न सांगता करून पॅनल दुरुस्तीचे पैसे घेणं ही लबाडी.

कळवा_खाडी :
टॉर्च लावला. अक्षरं दिसली! म्हणजे पट्ट्याच. घरी उघडू का?

ओहमकर :
पट्टी बदलणं सोपं, तिथपर्यंत पोचणं अवघड. ठरवण्याआधी वाचा.

प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मग पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर मोजा. चालू असताना त्यावर ३२५ व्होल्ट डीसी असतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल तर ३८० ते ४००. उरलेले असतील तर काही किलोओहमच्या मोठ्या वॉटच्या रेझिस्टरने उतरवा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची नाही.

बोर्ड सुटल्यावर पुढची चौकट काढायची. आता काच फक्त ठेवलेली आहे आणि तिच्या कडेने सीओएफला एक लांब अरुंद बोर्ड लोंबतोय. त्याचे स्क्रू आधी काढा. काच उचलताना तो तिच्याबरोबर, त्याच पातळीत उचलला गेला पाहिजे, खाली लोंबला की सीओएफ फाटतो. दोन माणसं, व्हॅक्यूम कप, आणि काच ठेवायला गादी. एकट्याने करू नका, ३२ इंचीसुद्धा. फिल्म काढताना एका कोपऱ्यावर टेपचा तुकडा लावून क्रमांक आणि दिशा लिहा, एखादी उलटी बसली की उजेडच बदलतो. पंखा बंद. एक केस आत राहिला तरी रोज दिसतो.

आता पट्टी. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर ३ व्होल्टचा एलईडी मिणमिणला तर मिणमिणतो, ६ व्होल्टचा पेटतच नाही, कारण त्यात दोन चिप सिरीजमध्ये असतात. त्यामुळे तो मेलाय असं ठरवू नका. एलईडी टेस्टर घ्या, तो ठरलेला करंट देतो आणि व्होल्टेज स्वतः जुळवतो. उघड्या टोकांवर ३०० व्होल्टपर्यंत असतात, बोटं लांब.

नवीन पट्ट्या आणताना टीव्हीचा मॉडेल नंबर पुरेसा नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारची पॅनल येतात. पट्टीवर छापलेला नंबर, लांबी, एलईडीची संख्या आणि ३ की ६ व्होल्ट, एवढं घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा.

तीनहात_नाका :
मेलेला एकच एलईडी शॉर्ट केला तर? बाकीचे पेटतील की.

ओहमकर :
पेटतील. ड्रायव्हर ठरलेला करंट देतो, ३ व्होल्ट कमी लागले तर कमी देईल. पण पडद्यावर तिथे सावली पडेल, आणि बाकीचे एलईडी त्याच वयाचे आहेत. चार महिन्यांनी दुसरा जाईल आणि ती काच परत उचलावी लागेल. जोखीम काच उचलण्यात आहे, पट्टीत नाही. एकदा उघडलं की सगळ्या पट्ट्या बदला.

त्याच वेळी करंट कमी करा. ड्रायव्हरजवळ करंट मोजणारे सेन्स रेझिस्टर समांतर जोडलेले असतात. तीन सारखे असतील तर एक काढल्यावर करंट दोन-तृतीयांश होतो. उजेडातला फरक दिवाणखान्यात फारसा जाणवत नाही, एलईडीचं तापमान मात्र चांगलंच उतरतं. हे नको असेल तर सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वरून ५०-६० वर आणा. बॅकलाइटच, ब्राइटनेस नव्हे. बऱ्याच टीव्हीत ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी, ती कमी केल्याने एलईडीवरचा भार कमी होत नाही.

तिरका_बाण :
आमच्याकडे पडद्यावर पाच-सहा पांढरे गोल दिसतात, आणि एक भाग जांभळट.

ओहमकर :
पांढरे गोल म्हणजे एलईडीवरच्या भिंगाचा गोंद सुटून भिंग पडलंय, उजेड न पसरता सरळ पुढे येतोय. भिंगं आतच पडलेली सापडतात, परत चिकटवता येतात, फक्त पायांची दिशा जुनी ठेवा आणि गोंद एलईडीवर जाऊ देऊ नका. जांभळट म्हणजे फॉस्फर संपत आलाय. पांढरा एलईडी मुळात निळी चिप असते, वरचा पिवळा फॉस्फर तिला पांढरं करतो. तो करपला की निळं उघडं पडतं. त्याला पट्ट्या बदलणं हाच उपाय.

निळीशाई :
अवांतर : पॅनलचा एवढा वैताग असेल तर सरळ ओएलईडी घ्यावा का?

घणसोलीकर :
ओएलईडीत बॅकलाइट नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा खरा काळा. पण उजळणारा पदार्थ वापराने झिजतो, निळा सगळ्यात लवकर. दिवसभर एकच मराठी वृत्तवाहिनी लावून ठेवायची सवय असेल तर लोगो आणि खालची धावती पट्टी कायमची उमटेल. एलसीडीवर चिकटलेलं चित्र बहुधा काही तासांत जातं, ओएलईडीचं जात नाही.

आणखी एक, आपल्याकडे हमखास होणारी चूक. हे टीव्ही काही तास पाहून झाल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःची झीज मोजून ठिपक्यांचं व्होल्टेज सुधारतात. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं तर ते काम राहून जातं. सिनेमा बघणाऱ्याने ओएलईडी घ्यावा. बातम्या आणि मालिका चालणाऱ्या घरात मी एलसीडीच सुचवेन.

नौपाडा_दुकान :
धागा भरकटवतोय, क्षमस्व. दुकानाबाहेर लाल अक्षरांचा सरकता बोर्ड आहे, ६ मॉड्यूलचा. पावसाळ्यापासून शेवटची दोन मॉड्यूल फिकी आणि मध्येच कचरा दाखवतात. मोबाइलने फोटो काढला तर अर्धी अक्षरं गायब. हाही पडदाच ना?

ओहमकर :
पडदाच, आणि दुरुस्तीला सगळ्यात प्रामाणिक. लाल सरकती अक्षरं म्हणजे बहुधा पी१०. ठिपक्यांतलं अंतर १० मिमी, मॉड्यूल ३२ बाय १६ सेंमी, ५१२ एलईडी.

फोटोचं कारण आधी. १६ ओळींपैकी एका क्षणी चारच पेटतात, मग पुढच्या चार, असं चार फेऱ्यांत चित्र पुरं होतं. डोळ्याला अखंड दिसतं. मोबाइलचा शटर एका फेरीपेक्षा झटपट उघडून मिटला की बाकीच्या ओळी काळ्या. फलाटावरच्या इंडिकेटरचा फोटो काढताना होतं तेच. प्रो मोडमध्ये शटर १/३० ठेवा, पूर्ण येईल. बोर्डात दोष नाही.

फिकेपणा मात्र दोष आहे. पुरवठा ५ व्होल्ट, आणि सगळे दिवे लागले तर एक मॉड्यूल २ ते ४ अँपिअर घेतं. बसवणाऱ्याने पॉवर एका टोकाला देऊन मॉड्यूल ते मॉड्यूल साखळी केली असेल, तर शेवटपर्यंत पोचताना वायरीत व्होल्टेज गळतं. पावसात कनेक्टर गंजला की आणखी. बोर्ड चालू असताना शेवटच्या मॉड्यूलच्या हिरव्या कनेक्टरवर मीटर लावा. ४.५ च्या खाली दिसलं तर कारण सापडलं. सप्लायपासून दर दोन मॉड्यूलना २.५ चौरस मिमीची स्वतंत्र जोडी न्या. सप्लायवरचा ॲडजस्ट पिळून ५.५ करणं हा उपाय नव्हे, त्याने पहिली दोन मॉड्यूल मरतील.

नौपाडा_दुकान :
मोजलं. शेवटच्यावर ४.१. आणि कनेक्टर काळा पडलाय. वायर बदलून घेतो. पण चौथ्या मॉड्यूलमध्ये एक छोटा चौकोन कायम बंद आहे, तो?

ओहमकर :
आठ बाय चार ठिपक्यांचा असेल. प्रत्येक मॉड्यूलवर ७४एचसी५९५ नावाच्या १६ आयसी असतात, प्रत्येकीच्या वाट्याला ३२ ठिपके. एक गेली की तेवढाच चौकोन जातो. दर चौथी ओळ बंद असती तर ओळी चालू-बंद करणारा ४९५३ मॉस्फेट. एका मॉड्यूलपासून पुढचं सगळं बंद असतं तर त्या मॉड्यूलची सिग्नल पुढे पाठवणारी बफर आयसी किंवा १६ पिनांची रिबन केबल. सुटी आयसी किरकोळ किमतीची, पण सोल्डर करणाऱ्याची मजुरी धरली तर मॉड्यूल बदलणं बरोबरीत येतं.

पावसाचं : मॉड्यूलची पुढची बाजू पाण्याला दाद देत नाही, मागची उघडी असते. पेटीच्या वरच्या सांध्याला सिलिकॉन, खालच्या पत्र्याला निचऱ्याची भोकं. खालची भोकं बुजवू नका, बोर्ड बसवणारे बरेचदा बुजवतात आणि पाणी आतच साठतं. दुकान खाडीच्या किंवा उघड्या नाल्याच्या जवळ असेल तर नाल्याच्या गंधकयुक्त वायूने चांदी-तांबं काळं पडतं, तुमच्या कनेक्टरचं तेच झालं असावं. नवीन कनेक्टर बसवताना मॉड्यूलची मागची पीसीबी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळली की कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या पातळ लेपाचा) एक हात द्या. कनेक्टरच्या पिनांवर आधी मास्किंग टेप लावायला विसरू नका, नाहीतर संपर्कच होणार नाही. आणि पेटीच्या पत्र्याला अर्थिंग आहे का ते त्याच खेपेला तपासून घ्या. नसेल तर आधी ते, बाकीचं नंतर.